ब्यूडेसोनाइड: दम्याच्या पंपातले औषध आतड्यात, अन्ननलिकेत आणि किडनीत कसे ठरले?

हे परीक्षण एका औषधाचे आहे, एखाद्या कंपनीच्या खोक्याचे नाही. ब्यूडेसोनाइड हे स्टेरॉइड गटातले औषध स्वीडनमधील लुंड येथे, ॲस्ट्रा समूहातल्या ड्राको कंपनीत विकसित झाले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नाकाच्या ॲलर्जीसाठी व दम्यासाठी बाजारात आले. आपल्याकडे ते बुडेकॉर्टच्या रोटाकॅप आणि रेस्प्यूलमधून (नेब्युलायझरमध्ये ओतायच्या औषधाच्या छोट्या नळ्या), किंवा श्वासनलिका मोकळी करणाऱ्या फॉर्मोटेरॉलच्या जोडीने फोराकॉर्टमधून घरोघरी पोचले आहे. गेल्या तीस-एक वर्षांत याच औषधाला आतड्याच्या, अन्ननलिकेच्या, यकृताच्या आणि अलीकडे मूत्रपिंडाच्या दाहजन्य आजारांत कामाला लावले गेले. काही ठिकाणी त्याने काम चोख केले, काही ठिकाणी जेमतेम केले आणि काही ठिकाणी केलेच नाही. मी स्वतः दम्याची जुनी रुग्ण आहे आणि पंपातून हेच औषध घेते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्याचीच आतड्यासाठीची गोळी लिहून दिली गेली, तेव्हापासून त्याच्या बाकीच्या रूपांचा मी मागोवा घेत आले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी काय घ्यावे हे या लेखातून ठरवू नये. कोणते रूप काय करू शकते आणि त्याची किंमत काय, एवढेच इथे तपासले आहे.

स्टेरॉइड दाह कमी करतात याबद्दल वाद नाही. पेशीच्या आत शिरून दाह पेटवणाऱ्या रसायनांचे उत्पादनच ते थोपवतात, आणि तो दाह श्वासनलिकेतला आहे की आतड्यातला याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. वाद आहे तो त्यांच्या मोकाट संचाराचा. प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉइडची गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सगळीकडे पोचते. मग साखर वाढते, चेहरा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाला वाट मोकळी होते आणि झोप उडते. ब्यूडेसोनाइडचे वेगळेपण असे, की गिळलेल्या औषधातला सुमारे ९० टक्के भाग यकृतातून पहिल्याच फेरीत जाताना निकामी होतो. जिथे ते प्रत्यक्ष लागते तिथे त्याचा जोर भरपूर, आणि तिथून निसटून पुढे गेले की यकृत त्याचा निकाल लावते. एरवी औषध शरीरात टिकत नाही हा दोष मानला जातो; इथे तोच गुण ठरला. माझ्या मते या औषधाची सारी कारकीर्द या एका गुणावर उभी आहे आणि त्याच्या प्रत्येक नव्या रूपाचे यशापयश एकाच प्रश्नावर ठरते: औषध नेमक्या जागी पोचवण्याची सोय कितपत जमली आहे?

मूळ रूपापासून सुरुवात करणे योग्य. रोटाकॅप म्हणजे पारदर्शक कॅप्सूलमध्ये चिमूटभर पांढरी पूड. ती मशीनच्या वरच्या चौकोनी छिद्रात बसवून खालचा भाग फिरवला की कॅप्सूल दुभंगते, आणि तोंड लावून जोरात श्वास ओढला की पूड आत जाते. पूड इतकी बारीक की ती गेली की नाही हे पुष्कळदा कळतच नाही. म्हणून उजेडाकडे धरून कॅप्सूलचे तुकडे पाहायचे आणि आत पूड उरली असेल तर पुन्हा ओढायचे. पावसाळ्यात ओल लागलेली पूड कडेला चिकटून बसते, त्यामुळे डबीचे झाकण उघडे ठेवणे किंवा मशीन धुऊन ओलसर असतानाच वापरणे म्हणजे औषध वाया घालवणे. फवाऱ्याच्या पंपाची रीत याच्या नेमकी उलट आहे: त्यात श्वास हळू आणि खोल घ्यायचा असतो, आणि शक्यतो मध्ये स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायचा असतो. या दोन रीतींची गल्लत करणारे लोक मी दवाखान्याच्या बाकावर नेहमी पाहते, आणि 'पंपाने गुण येत नाही' ही तक्रार बहुधा तिथूनच निघते. घेतल्यावर चूळ भरून थुंकायचे, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो आणि आवाज बसतो. हे कंटाळवाणे काम टळत नाही.

तरीही दम्यात या औषधाला तोड नाही. निळ्या पंपाने श्वास तात्पुरता मोकळा होतो, पण श्वासनलिकेच्या अस्तरातला दाह तसाच राहतो. ब्यूडेसोनाइड त्या दाहावर काम करते. २०१९ साली दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये असे स्पष्ट सांगितले, आणि सौम्य दम्यातही त्रास होईल तेव्हा फॉर्मोटेरॉलसह कमी मात्रेचे श्वासावाटेचे स्टेरॉइड घेण्याचा पर्याय पुढे ठेवला. 'स्टेरॉइड आहे ना, मग सवय लागेल' या धास्तीने पंप कपाटात ठेवणाऱ्या आपल्या नातेवाइकांना एवढेच सांगावे, की पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गोळीतली मिलिग्रॅममध्ये.

फुप्फुसापुरतेच राहून या औषधाचे दुसरे काम कोविडच्या काळात शोधले गेले. साथीच्या सुरुवातीला रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये दम्याचे आणि सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी दिसत होते, आणि श्वासावाटेच्या स्टेरॉइडमुळे त्यांना संरक्षण मिळत असेल का, असा प्रश्न ऑक्सफर्डच्या संशोधकांना पडला. त्यांच्या १४६ जणांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपैकी ११ जणांना तातडीच्या वैद्यकीय मदतीची गरज लागली, तर ब्यूडेसोनाइड ओढणाऱ्यांपैकी दोघांनाच. आकडा डोळ्यांत भरणारा होता, पण चाचणी लहान होती, नकली पंप कोणालाच दिलेला नव्हता, आणि कोण काय घेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. नंतर ब्रिटनमध्येच वयस्क आणि जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या प्रिन्सिपल या मोठ्या चाचणीत बरे होण्याचा काळ सुमारे तीन दिवसांनी कमी झाला. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ८.८ वरून ६.८ टक्क्यांवर आले खरे, पण हा फरक संशोधकांनी आधी आखून ठेवलेल्या निकषावर उतरला नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडच्या राष्ट्रीय कृतिदलाच्या सूचनांतही पाच दिवसांनंतर ताप-खोकला राहिल्यास ८०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, असे हे औषध आले, आणि दुसऱ्या लाटेत ज्यांनी आयुष्यात पंप पाहिला नव्हता तेही औषधाच्या दुकानापुढे त्याच्यासाठी उभे राहिले. पुढे अमेरिकेत याच जातीच्या फ्लुटिकासोन फ्युरोएटची नकली पंप देऊन रीतसर चाचणी झाली, तेव्हा बरे होण्याच्या वेगात फरक दिसला नाही. कोविडमधल्या कामगिरीला मी 'धावपळीत बरी वाटली' यापेक्षा अधिक गुण देणार नाही.

आतड्याचे प्रकरण अधिक जुने आणि अधिक भक्कम आहे. क्रोन्स या आजारात दाह बहुधा लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असतो. तिथे औषध सोडायचे तर जठरातल्या आम्लात ते विरघळता कामा नये. म्हणून कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर असे आवरण चढवले जाते, की आम्लता कमी झाल्यावरच ते विरघळते. १९९४ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि या रूपाची खरी बलाबल तेव्हाच कळली. कॅनडातल्या चाचणीत रोज नऊ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांचा आजार शमला. नकली गोळीवर हे प्रमाण २० टक्के होते. युरोपातल्या चाचणीत त्याची गाठ थेट प्रेडनिसोलोनशी घातली गेली: ब्यूडेसोनाइडवर ५३ टक्के, प्रेडनिसोलोनवर ६६ टक्के, मात्र स्टेरॉइडचे दुष्परिणाम ब्यूडेसोनाइडवर बरेच कमी. म्हणजे जोर थोडा कमी, त्रास खूप कमी. मला हा सौदा पटतो, विशेषतः आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर. पण शमलेला आजार वर्षानुवर्षे शमलेला ठेवण्याचे काम या कॅप्सूलला जमत नाही, आणि तशी आशा रुग्णाला दाखवू नये.

जाऊबाईंचा आजार वेगळा, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरावरचे व्रण. त्यासाठीच्या गोळीचे आवरण आणखी उशिरा विरघळते आणि आतली घडण अशी असते की औषध मोठ्या आतड्याच्या लांबीभर झिरपत जावे. गोळी मोठी, गिळायला अवघड. आमच्या घरी मोठ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून दह्यात कालवून देण्याची जुनी रीत. या गोळीवर ती रीत चालवली, की आवरणासकट तिचे सगळे कसब गेले, औषध वरच सुटते आणि जिथे हवे तिथे पोचत नाही. दुकानदाराने पट्टी कापून चार-चार गोळ्या दिल्याने 'फोडू नये, चावू नये' ही सूचना आमच्यापर्यंत आलीच नव्हती. ती पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या बोलण्यात सहज आली. एवढी किमया असूनही या रूपाचे आकडे माफक आहेत. अमेरिकेत २०१३ साली मिळालेल्या मान्यतेमागच्या एका प्रमुख चाचणीत आठ आठवड्यांनी पूर्ण शमन १७.९ टक्के रुग्णांत झाले, नकली गोळीवर ७.४ टक्क्यांत. निकष कडक होता हे मान्य. तरी पाचातल्या चारांना पूर्ण गुण येत नाही, ही गोष्ट गोळी महाग असताना आधी सांगायला हवी. जाऊबाईंना उतार पडला, पण त्याचे श्रेय मी एकट्या या गोळीला देणार नाही, कारण मेसालामाइन हे आतड्याच्या दाहावरचे दुसरे औषध आधीपासून चालू होते.

सूक्ष्मदर्शी कोलायटिसमध्ये मात्र हेच औषध पहिल्या पसंतीचे आहे. दुर्बिणीने तपासताना आतडे साफ दिसते, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच दाह दिसतो, आणि उतारवयातल्या माणसाला दिवसभर पातळ जुलाब होत राहतात, असा हा आजार. चाचण्यांत पाचांपैकी चौघांच्या आसपास रुग्णांना आराम पडतो. औषध थांबवल्यावर निम्म्याहून अधिक जणांत तो उलटतो, हेही तितकेच खरे.

अन्ननलिकेची कथा मला सर्वांत रंजक वाटते, कारण तिथे औषधाचे नवे रूप कारखान्याआधी स्वयंपाकघरात तयार झाले. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस या आजारात ॲलर्जीशी नाते असलेल्या इओसिनोफिल पेशी अन्ननलिकेच्या भिंतीत गोळा होतात. घास छातीत अडकतो, मूल जेवायला तासन्‌तास लावते, प्रत्येक घासाबरोबर पाणी पिते आणि घरचे त्याला हट्टी म्हणत राहतात. दम्याच्या रुग्णांत हा आजार एरवीपेक्षा जास्त दिसतो. उपचाराची कल्पना साधी होती: स्टेरॉइड अन्ननलिकेच्या आतून लेपासारखे लागले पाहिजे. पण नेब्युलायझरचे पातळ औषध प्यायले तर ते क्षणात जठरात उतरते. सॅन दिएगो येथील बालरोगतज्ज्ञांनी नेब्युलायझरचीच रेस्प्यूल घेऊन तिच्यात सुक्रालोज या कृत्रिम साखरेच्या पुड्या ढवळल्या आणि मधासारखा दाट चाटण बनवला. तो हळूहळू गिळायचा आणि मग अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. काही ठिकाणी खरा मधही वापरला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २४ मुलांच्या चाचणीत या चाटणाने पेशींची गर्दी ओसरली. वाफेच्या औषधाची नळी फोडून वाटीत चमच्याने घोटणारी आई हे या सबंध उलाढालीतले सर्वांत प्रामाणिक दृश्य असावे. तिथे जाहिरात नव्हती.

या चाटणाची अडचण अशी की प्रत्येक घरी त्याचा दाटपणा वेगळा आणि प्रत्येक दिवशीही वेगळा. कंपन्यांनी हीच उणीव भरून काढली. युरोपात २०१८ च्या जानेवारीत जिभेवर विरघळणारी गोळी मान्य झाली. ८८ प्रौढांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी, लक्षणे आणि अन्ननलिकेच्या तुकड्याची तपासणी हे दोन्ही निकष धरून, ५७.६ टक्के रुग्णांचा आजार शमला, आणि नकली गोळीवर एकाचाही नाही. या औषधाच्या सगळ्या रूपांतला इतका स्वच्छ निकाल मला दुसरा आढळला नाही. अमेरिकेत तयार दाट द्रवाची वाट बिकट ठरली: २०२१ च्या डिसेंबरमध्ये औषध प्रशासनाने मान्यता नाकारली, कंपनीने प्रकल्प गुंडाळल्यासारखे केले, आणि अखेर २०२४ च्या फेब्रुवारीत, ११ वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी, बारा आठवड्यांपुरती ती मिळाली. बारा आठवड्यांनंतर काय, हा प्रश्न आजार दीर्घकाळ टिकणारा असल्याने उरतोच. तोंडात आणि घशात बुरशी येण्याचा त्रास इथेही आहे. पंप वापरणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. पंप घेतल्यावर चूळ भरायची असते, आणि इथे चूळ आधी न भरता औषधाला घशात थांबू द्यायचे, म्हणजे तीच सवय उलटी करायची.

आता किडनी. आयजीए नेफ्रोपथी हा आजार १९६८ साली पॅरिसमध्ये जाँ बर्जे आणि निकोल ॲँगले यांनी प्रथम वर्णिला. लघवीत रक्त आणि प्रथिने जातात, फेस येतो, आणि कित्येकांची किडनी ऐन उमेदीच्या वयात निकामी होत जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी आपल्याकडच्या रुग्णांत हा आजार झपाट्याने बळावू शकतो असे नोंदवले आहे, म्हणून हा विषय परक्या देशाचा समजू नये. किडनीच्या आजारासाठी आतड्यात औषध सोडायचे हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागे तर्क आहे. किडनीच्या गाळण्यांत साचणारे सदोष आयजीए प्रतिपिंड मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका-ऊतीच्या पुंजक्यांत, म्हणजे पायर्स पॅचेसमध्ये, तयार होतात असा सिद्धान्त आहे. मग गाळणीत साचलेल्या गाळामागे धावण्याऐवजी तो जिथे तयार होतो तिथेच त्याला आळा घालावा, या विचाराने स्टॉकहोमच्या कॅलिडिटास कंपनीने लहान आतड्याच्या टोकापर्यंत न फुटणारी आणि तिथे सावकाश औषध सोडणारी कॅप्सूल तयार केली. अमेरिकेत तिला २०२१ च्या डिसेंबरमध्ये तातडीच्या मार्गाने आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण मान्यता मिळाली.

हिच्या आधी संपूर्ण शरीरात फिरणाऱ्या स्टेरॉइडचा प्रयोग झालेला होता, आणि तो धडा लक्षात ठेवूनच या कॅप्सूलकडे पाहावे. चीन, भारत, मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या रुग्णांवरच्या टेस्टिंग या चाचणीत मिथाइलप्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत दिले गेले; किडनीला फायदा दिसत होता, पण गंभीर दुष्परिणाम १४.७ टक्के रुग्णांत झाले, नकली गोळीवर ३.२ टक्क्यांत, बहुतेक जंतुसंसर्गाचे आणि त्यांत मृत्यूही. मात्रा मध्येच कमी करावी लागली. त्या पार्श्वभूमीवर आतड्यापुरत्या कॅप्सूलच्या चाचणीत ३६४ रुग्णांना नऊ महिने रोज सोळा मिलिग्रॅम किंवा नकली कॅप्सूल दिली गेली, आणि मग पंधरा महिने नुसते पाहत राहिले. दोन वर्षांच्या सरासरीने किडनीची गाळण्याची क्षमता औषध घेतलेल्यांत मिनिटाला सुमारे ५ मिलिलिटरने सरस राहिली. औषध बंद झाल्यावरही फरक टिकला, ही जमेची मोठी बाजू.

माझी शंका अशी आहे. सोळा मिलिग्रॅम ही मात्रा आतड्यासाठीच्या नेहमीच्या नऊ मिलिग्रॅमपेक्षा बरीच जास्त आहे, आणि ९० टक्के निकामी झाली तरी उरलेला वाटा क्षुल्लक राहत नाही. दुष्परिणामांच्या यादीत वाढलेला रक्तदाब, पायांवर सूज, स्नायूंत गोळे येणे, चेहऱ्यावर मुरमे हे सगळे आहे, म्हणजे स्टेरॉइडची जुनी लक्षणे, फक्त कमी जोरात. तेव्हा गुण आतड्यातल्या कामाने आला, की रक्तात निसटलेल्या अंशानेही त्यात हात लावला, हा प्रश्न किडनीतज्ज्ञांनी विचारला तर तो रास्तच आहे. किमतीचा विचार केला की तो अधिक टोचतो. अमेरिकेत या कॅप्सूलची जाहीर किंमत बाजारात येताना महिन्याला १४ हजार डॉलरच्या आसपास होती, आणि उपचार नऊ महिन्यांचा. आत जे आहे ते दम्याच्या पंपातलेच, पेटंट कधीच संपलेले औषध. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याचे श्वासावाटेचे रूप आहे आणि त्याची किंमत सरकार बांधते. पैसे आवरणाचे आणि चाचणीचे आहेत. चाचणीवर खर्च होतो हे मला कळते; तो इतका होतो का, हे कळत नाही. मात्र स्वस्तात काम व्हावे म्हणून क्रोन्ससाठीची कॅप्सूल किडनीसाठी दुप्पट घेणे हा पर्याय नव्हे: ती वेगळ्या जागी, वेगळ्या वेगाने सुटते, आणि ३६४ जणांचा निकाल तिला लागू होत नाही.

यकृताच्या स्वयंप्रतिरोधी दाहातही हे औषध चालते. २०१० च्या एका मोठ्या चाचणीत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनच्या जोडीने त्याने प्रेडनिसोनपेक्षा कमी दुष्परिणामांत आजार शमवला. पण सिरोसिस झालेल्याला ते देत नाहीत, कारण जे यकृत त्याचा निकाल लावते तेच लंगडे झालेले असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंटबरोबर (फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या द्रव्याबरोबर) ते सोडण्याचा प्रयोग तैवानमध्ये यशस्वी वाटला होता; हजाराहून अधिक बाळांवरच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही.

दम्याच्या कपाटातल्या इतर औषधांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. मॉन्टेलुकास्ट, म्हणजे आपल्या घरातल्या मॉन्टेर-एलसी किंवा टेलिकास्ट-एल या पट्ट्यांतला अर्धा भाग, ल्युकोट्राइन या दाहकारक रसायनांची वाट अडवतो. २०१५ साली साल्झबर्गच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांना ते दिले आणि त्यांच्या मेंदूतला दाह ओसरून स्मरणशक्ती सुधारल्याचे दाखवले. तेव्हापासून स्मृतिभ्रंशावर ते चालेल अशी आशा अधूनमधून बातम्यांत येते. पण हे औषध रक्तातून मेंदूतही शिरते, आणि त्यामुळेच २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकी प्रशासनाने त्याच्यावर चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार यांबद्दलचा सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. मेंदूत शिरते म्हणून आशा आणि मेंदूत शिरते म्हणूनच धोका. कोविडच्या सौम्य आजारात १,२५० जणांवर त्याची चाचणी झाली, आणि बरे होण्याचा काळ जराही कमी झाला नाही. जपानचे जुने दम्याचे औषध इब्युडिलास्ट अधिक गंभीरपणे घ्यावे लागेल: वाढत जाणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या २५५ रुग्णांत ९६ आठवड्यांत मेंदूचे आकसणे त्याने ४८ टक्क्यांनी मंदावले, पण रुग्णाचे अपंगत्व कमी झाल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. जपानचेच ट्रानिलास्ट, केलॉइडच्या, म्हणजे फुगून वाढणाऱ्या, वणांवर उपयोगी पडलेले, हृदयाची रुंद केलेली वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून ११ हजारांहून अधिक रुग्णांना दिले गेले, आणि काही उपयोग झाला नाही. प्राण्यातला किंवा लहान चाचणीतला दाह कमी होणे आणि रुग्णाचा आजार कमी होणे यांत केवढे अंतर असते, ते या नावांवरून मोजता येते.

ब्यूडेसोनाइड घेणाऱ्या आपल्याकडच्या माणसासाठी एक धोका मात्र परदेशी लेखांपेक्षा मोठा आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर नायटा हट्टी झाला आहे आणि त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनाझोल आठवडेच्या आठवडे लिहून देतात. हे बुरशीविरोधी औषध यकृतातले नेमके तेच विकर (एन्झाइम) रोखते, जे ब्यूडेसोनाइडला निकामी करते. मग पंपातली किंवा कॅप्सूलमधली साधी मात्रा रक्तात कित्येक पटींनी साचते, चेहरा सुजतो, साखर चढते, आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड ग्रंथी झोपी जाते. त्या अवस्थेत औषध एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळू शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीवरच्या उपचारातले रिटोनाविर हेही तेच करतात, आणि ग्रेपफ्रूटचा रसही काही प्रमाणात. त्वचेच्या दवाखान्यात 'कुठल्या गोळ्या चालू आहेत' असे विचारतात. पंप ही गोळी नसल्याने रुग्ण 'काही नाही' असे सांगतो, आणि छातीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये नायट्याचा उल्लेख नसतो. आतड्याच्या किंवा किडनीच्या कॅप्सूलबाबत हा धोका पंपापेक्षाही मोठा, कारण तिथे मात्रा मिलिग्रॅममध्ये आहे. पंप, मशीन किंवा कॅप्सूलची पट्टी पिशवीत टाकून प्रत्येक दवाखान्यात टेबलावर काढून ठेवावी, मग तो दवाखाना दातांचा असला तरी.